बेपत्त्यांच्या यादीत नसलेला

बर्नडेट गुर्स्की माणसं शोधायची. तिला पगार त्याचाच मिळायचा. कार्व्हर्स रन गावच्या आंघोळीच्या टबांच्या कारखान्यात आता टब बनत नव्हते. भट्ट्या विझून जमाना झाला होता, ओतशाळेच्या जागी कुणाचं तरी गोदाम आलं होतं आणि गेटाला नवीन रंग लागला होता. पण कामगारांच्या पेन्शनचा फंड शिल्लक होता. फंड आहे तोवर त्याला एक टेबल, एक टेलिफोन आणि एक बर्नडेट लागणारच होती.

कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेली माणसं देशभर पांगली होती. कुणी फ्लोरिडाला, कुणी दुसऱ्या बायकोकडे, कुणी लेकाच्या तळघरात. पत्ता बदलल्याचं कंपनीला कळवावं असं त्यांच्यातल्या कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्यांच्या नावची पत्रं फिरून फिरून परत यायची. पत्र परत आलं की नाव बेपत्त्यांच्या यादीत चढायचं आणि बर्नडेटचं काम सुरू व्हायचं. माणूस त्र्याहत्तर वर्षांचा झाला की त्याचे पैसे त्याला द्यायला सुरुवात करावीच लागते, असा कायदा आहे. त्याला ते हवे असोत नसोत, आठवत असोत नसोत. त्यासाठी आधी तो सापडायला हवा.

शार्लट शहरातल्या मुख्य कचेरीत यासाठी कॉम्प्युटरवर महागडी सोय होती. बर्नडेटकडे ईस्टरच्या आधीचे शुक्रवार होते. मांस वर्ज्य असलेल्या उपासाच्या त्या शुक्रवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये तळलेले मासे मिळत आणि सगळं गाव रांगेत उभं असे. कढईपाशी डॉट असायची. डॉटचा नवरा ओतशाळेत होता, दीर पॅकिंगमध्ये आणि बाप दारावर, त्यामुळे तिच्या माहितीबाहेरचा माणूस त्या कारखान्यात कधी लागलाच नव्हता.

"आज कोण हरवलंय, बर्नी?"

"हॅरॉल्ड मिकुला. मुलाम्याच्या खात्यातला."

"हॅरी? अगं, तो ओहायोत, पोरीकडे! पोरीचं पहिलं लग्न मोडलं, मग तिनं तो छपरांचा कंत्राटदार केला."

"त्याचं आडनाव?"

"आता आडनाव कुठून आणू? ए जीन, त्या मिकुलाच्या पोरीनं कोण केला गं? तो टक्कल असलेला?"

"पहिला की दुसरा?" मागून जीन ओरडली. "टक्कल दोघांनाही होतं."

एवढ्यात रांगेतल्या तिघांनी तीन आडनावं सांगितली आणि त्यातलं एक सोमवारी बरोबर निघालं. मुख्य कचेरीतले लोक बर्नडेटचं कौतुक करायचे. तिला त्याचं काही वाटत नसे. माणूस सापडला की ती फोन करायची, तो खराच तो आहे का याची खात्री करायची, कागद पाठवायची आणि पुढचं नाव घ्यायची.

मासे मात्र ती हॉलमध्ये बसून खात नसे. दोन डबे बांधून घ्यायची, एक तिचा आणि एक आईचा. तिथल्या लांब टेबलांवर जुने युनियनवाले बसायचे, आणि ती ताट घेऊन शेजारी आली असती तर त्यांना उठून जावं लागलं असतं. त्यांनाही त्रास, तिलाही.

तीस वर्षांपूर्वीच्या संपात बर्नडेट गेटातून आत गेली होती. कचेरीतली माणसं युनियनमध्ये नव्हती, त्यांना संपाची सक्ती नव्हती. पण गावाच्या दृष्टीनं गेट एकच होतं, आणि त्यातून आत जाणारा माणूस फितूर. तिचा भाऊ कॅझ त्याच गेटासमोरच्या रांगेत उभा असायचा. तो त्याच्या खात्याचा युनियनचा म्होरक्या होता. रोज सकाळी तिची गाडी आली की लोक टपावर थापा मारायचे, शिव्या द्यायचे. कॅझ शिव्या देत नसे. तो नुसता बघायचा.

वडील त्याच हिवाळ्यात गेले होते. घराचे हप्ते थकले होते. संपाच्या पहिल्या सकाळी बर्नडेट कोट न घालता स्वयंपाकघरात बसून राहिली होती, तेव्हा आई चुलीपासून न वळता म्हणाली होती, "दोघांपैकी एकाचा पगार आलाच पाहिजे. जा." बर्नडेट उठली आणि गेली. वसंतात संप मोडला, कॅझसकट अर्ध्यांना परत घेतलं नाही, आणि एका दुपारी कॅझ त्याच्या खोलीतल्या दोन पेट्या ट्रकमध्ये टाकून निघून गेला. निरोप आईचा घेतला. बर्नडेट कामावर होती.

आई, स्टेफा गुर्स्की, आता चौऱ्याण्णव वर्षांची होती. कान ठीक, डोळे कामापुरते, जीभ पूर्वीसारखीच. हिवाळ्यात पडून खुब्याचं हाड मोडल्यापासून ती वॉकर घेऊन चालायची आणि वॉकरला शिव्या द्यायची.

"नूडल्समध्ये कोबी कमी घातलाय यावेळी," डबा उघडून ती म्हणाली. "डॉट म्हातारी झाली."

"डॉट माझ्याच वयाची आहे, मा."

"तेच म्हणतेय मी."

कॅझच्या नावची कंपनीची पत्रं त्याच घरी यायची. फायलीत त्याचा तोच पत्ता होता. बर्नडेट साऱ्या गावाला शिकवायची, की माणूस राहत नसेल तर पाकिटावर तसं लिहा आणि पेटीत परत टाका, म्हणजे आम्हाला कळेल. स्वतःच्या घरात मात्र तिची ती शिकवण चालत नव्हती. अगदी सुरुवातीला एकदा ती पेन घेऊन बसली होती. आईनं पाकीट तिच्या हाताखालून ओढून घेतलं.

"इथं राहत नाही असं लिहिणार तू? माझ्या घरात बसून?"

"राहत नाही म्हणून, मा."

"त्याची खोली आहे. त्याचा पलंग आहे. पत्र आलंय, म्हणजे पत्ता बरोबर आहे."

तेव्हापासून पत्रं कॅझच्या खोलीतल्या ड्रॉवरमध्ये जात राहिली. एकही परत गेलं नाही, त्यामुळे कॅझ कधी बेपत्ता ठरला नाही. दरवर्षी यादी छापून यायची आणि त्याचं नाव तीत नसायचं. म्हातारीची आशा आहे, असं बर्नडेटला वाटायचं, आणि त्यावर तिचं काही म्हणणं नव्हतं. ती स्वतः मागच्या लहान खोलीत झोपायची. मोठी खोली रिकामी होती, पण ती कॅझची होती.

मार्च महिन्यात मुख्य कचेरीतून मॅलरीचा फोन आला. मॅलरी तिची साहेब होती, वयानं तिच्या निम्मी, बोलायला गोड.

"बर्नडेट, एक विचित्र प्रकरण आहे. कॅसिमिर गुर्स्की. गेल्या वर्षी त्र्याहत्तर पूर्ण. अर्ज केला नाही म्हणून आपण आपणहून चेक काढला. पत्र परत आलं नाही आणि चेकही वटला नाही. म्हणजे त्या पत्त्यावर पत्र घेणारं कोणीतरी आहे."

"आहे."

"तुम्हाला माहीत आहे?"

"तो माझा पत्ता आहे. कॅसिमिर माझा भाऊ."



"मग सोपंच झालं की! विचारा त्याला."

"आमचं बोलणं नाही. तो कुठं आहे मला ठाऊक नाही."

"ओह." मॅलरीनं आवाज उतरवला. "दुसऱ्या कुणाला दिलं असतं हे काम, पण तिथं तुमच्याशिवाय आहेच कोण? नेहमीच्या पायऱ्या करा. रजिस्टर पत्र, घरचे लोक, जुने सहकारी. आपण खरोखर शोधलं हे दिसलं पाहिजे. तुम्हाला जड जाईल का?"

"नाही," बर्नडेट म्हणाली. तिला खरंच तसं वाटलं नाही. नाव टाइप केलं, स्वतःच्या घराचा पत्ता घातला आणि रजिस्टर पत्र टपालात टाकलं.

चार दिवसांनी पोचपावती तिच्या टेबलावर आली. खाली शाळेत गिरवल्यासारख्या वळणदार अक्षरात सही होती, एस. गुर्स्की.

संध्याकाळी तिनं ती पावती आईच्या ताटाशेजारी ठेवली.

"हे काय आहे, मा?"

"माझी सही. बरी आली आहे."

"रजिस्टर पत्र ज्याच्या नावचं त्यानं घ्यायचं असतं."

"पोस्टमनला काही वावगं वाटलं नाही."

"पत्र कुठंय?"

"ठेवलंय."

"ते मीच पाठवलं होतं. माझ्या टेबलावरून."

"मग आत काय आहे ते तुला ठाऊक आहे. पुन्हा कशाला बघायचंय?"

"आणि चेक?"

आईनं नूडल्समधला कोबी काट्यानं एका बाजूला केला. "चेकचं मला काही समजत नाही," ती म्हणाली, आणि टीव्हीचा आवाज वाढवला. आयुष्यभर तिनं घरातला एकेक डॉलर हिशेबात धरला होता. बर्नडेटच्या हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण तिनं ताटं उचलली आणि घासायला घेतली.

घरच्या लोकांची पायरी झाली. राहिले जुने सहकारी. कॅझच्या खात्यातले बहुतेक गेले होते. चेस्टर ब्लाझेक, सगळ्यांचा चेट, तेवढा होता. तो दुपारभर युनियनच्या हॉलमध्ये बसायचा. हॉलच्या अर्ध्या भागात आता बार होता आणि उरलेल्या अर्ध्यात लोक बारशाला आणि श्राद्धजेवणाला जागा भाड्यानं घेत. चेटच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती आणि समोर बिअर.

बर्नडेट दारातून आत गेली तसं बोलणं थांबलं.

"बर्नडेट गुर्स्की," चेट म्हणाला. "या दारातून आत येताना तुला बघेन असं वाटलं नव्हतं. त्या गेटातून बघितलंय. रोज."

"कामासाठी आलेय, चेट."

"तेव्हाही कामासाठीच जायचीस."

तिनं ते ऐकून घेतलं. खुर्ची ओढली नाही, उभीच राहिली. "कॅझचा पत्ता हवाय. पेन्शनसाठी."

चेट हसायला लागला. हसता हसता त्याला उबळ आली, बारवाल्यानं पाणी आणलं, नळी नीट केली. "कॅझचा पत्ता! तू मला विचारतेस? घरी विचार की."

"घरी कुणाला माहीत नाही."

"स्टेफाला माहीत नाही? दर रविवारी तासभर…" आणि चेट थांबला. बारवाल्यानं पाठ फिरवून ग्लास पुसायला घेतला. तो ग्लास कोरडाच होता.

"दर रविवारी काय?"

"काही नाही. म्हातारा झालोय मी."

"चेट."

त्यानं बिअरकडे बघितलं. आवाजातला तिखटपणा गेला होता. "तू चर्चमध्ये गात असतेस ना, दहाच्या प्रार्थनेला. तेव्हा फोन करतो तो तिला. मला वाटलं, एव्हाना तुला कळलं असेल, पोरी. एवढी वर्षं झाली."

"कुणाकुणाला माहीत आहे हे?"

"आता कसं सांगू…"

"डॉटला?"

चेटनं ग्लास उगाच फिरवला. तेवढं उत्तर पुरे होतं. बर्नडेटनं "थँक यू" म्हटलं, कारण सहकाऱ्यांना विचारून झाल्यावर ती ते नेहमी म्हणायची, आणि बाहेर येऊन गाडीत बसली. इंजिन सुरू केलं. काच धुकटलेली होती, ती निवळेपर्यंत थांबायला हवं होतं. काच निवळली, तरी ती बसून राहिली. हॉलच्या खिडकीतला पडदा बाजूला झाला आणि परत पडला. मग तिनं गाडी काढली. वाटेत आईची औषधं घ्यायची होती, ती घेतली.

घरी आई टेबलाशी बसून बटाटे सोलत होती. बर्नडेटनं औषधाची पिशवी टेबलावर ठेवली, कोट काढला नाही.

"रविवारी कॅझचा फोन येतो."

आईचा सुरा थांबला नाही. "कोण म्हणालं?"

"चेट."

"चेटच्या तोंडाला ती नळी लावायला हवी होती." एक साल लांबलचक निघाली, ती तिनं बाजूला ठेवली. "येतो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तो गेला त्याच्या पुढच्या महिन्यापासून."

"आणि पत्रं?"

"तोच म्हणाला, तिथंच ठेव म्हणून. परत पाठवलीस तर मला शोधायला तिलाच बसवतील, म्हणाला." आईनं पहिल्यांदा वर बघितलं. "चेकही नको म्हणाला. त्या कंपनीचा एक छदाम नको. मी खूप समजावलं. तुझ्या बापावरच गेलाय, हट्टी."

बर्नडेट आता बसली. म्हणजे सारी वर्षं तो बेपत्ता होता तो फक्त तिला. गावाला नव्हता, आईला नव्हता, पोस्टमनला नव्हता. या गोष्टीचं रडू यायला हवं, असं तिच्या मनात आलं. ती वाट बघत राहिली, पण आलं नाही.

"मा, मी आत गेले ते तू सांगितलंस म्हणून. त्या सकाळी. आठवतंय ना?"

"आठवतं."

"ते त्याला कधी सांगितलंस?"

आईनं सोललेला बटाटा पाण्यात सोडला आणि दुसरा घेतला.

"नाही."

"तीस वर्षांत एकदाही?"

"सांगितलं असतं तर त्यानं मलाही फोन केला नसता," स्टेफा म्हणाली. ती चाचरली नाही, तिच्या आवाजात माफी नव्हती आणि राग तर नव्हताच. भाव विचारल्यावर दुकानदार भाव सांगतो तसं तिनं सांगितलं. "एकीशी त्याचं तुटलंच होतं. दोघींशी कशाला तुटायचं? तू तर घरातच होतीस."

बर्नडेटला यात काही चूक काढता येईना. ती घरातच होती हे खरं होतं. ती अजूनही घरातच होती, कोट घालून.

"नंबर दे," ती म्हणाली.

"कशाला?"

"काम आहे. न घेतलेल्या पैशांवर सरकार दंड लावतं. आणि तो सापडला असं मला लिहावं लागेल."

आईनं तिच्याकडे बघितलं. काय सांगणार आहेस त्याला, हा प्रश्न तिच्या तोंडावर होता. पण तो विचारणं म्हणजे मागणं होतं, आणि स्टेफा गुर्स्कीनं जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. तिला नंबर पाठ होता. तिनं तो सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्नडेटनं कचेरीतून फोन लावला. समोर कोरा कागद होता आणि शेजारी चहाचा कप, दोन्ही नेहमीच्या जागी.

"हॅलो?" आवाज जाडा झाला होता, पण त्याचाच होता.

"नमस्कार. टबांच्या कारखान्याच्या पेन्शन कचेरीतून बोलतेय. कॅसिमिर गुर्स्की आहेत का?"

पलीकडे रेडिओ चालू होता. तो बंद झाला.

"बोलतोय."

"आधी ओळख पटवून घ्यावी लागते. जन्मतारीख सांगाल?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"तुम्हीच सांगायला हवी."

त्यानं सांगितली. मग कारखान्यात लागल्याचं वर्ष सांगितलं. मग तिनं विचारलं, "आईचं माहेरचं आडनाव?"

तो हसला, हसण्यासारखं काही नसताना हसतात तसा. "क्रोल. आजोबांचं खाटकाचं दुकान होतं, चर्चच्या खालच्या रस्त्याला. तेही हवंय का, मॅडम?"

"नाही. एवढं पुरे."

तिनं त्याला सगळं समजावून सांगितलं. दरमहा किती मिळणार, मागचं किती साठलंय, कर किती कापला जाईल. असं ती शेकडो माणसांना सांगत आली होती, त्यामुळे शब्द आपोआप येत होते.

"मला नकोत ते पैसे."

"नको म्हणता येत नाही. वय झालं की घ्यावेच लागतात."

"म्हणजे अजून ती कंपनी मला सांगणार, काय कर आणि काय नको."

"कंपनी नाही सांगत. कायदा आहे."

"तुमचं आपलं बरं असतं, मॅडम," कॅझ म्हणाला. "कायम कुणीतरी सांगतं आणि तुम्ही करता. तेव्हाही कुणीतरी सांगितलंच असेल. साहेबानं."

बर्नडेटच्या हातात पेन होतं. साहेबानं नव्हे, एवढं म्हटलं की झालं असतं. बाकीचं त्यानं स्वतःच विचारलं असतं, आणि तिनं उत्तर दिलं असतं. खिडकीबाहेर गोदामाचा ट्रक पाठीमागे येत होता, एक माणूस हात हलवून त्याला जागा दाखवत होता. येऊ दे, येऊ दे, बस. ट्रक थांबला.

"हो," ती म्हणाली. "सांगितलं होतं." मग कागद जवळ ओढला. "नवा चेक कुठल्या पत्त्यावर पाठवायचा?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग त्यानं ईरी शहराचा पत्ता सांगितला, तळ्याकाठचा एक रस्ता, वर्कशॉपच्या मागची खोली. गाडीनं दोन तासांचं अंतर होतं. तिनं पत्ता लिहून घेतला, परत वाचून दाखवला, आणि तो म्हणाला, बरोबर आहे.

"आणखी काही मदत हवी आहे का?" हा शेवटचा प्रश्न विचारायचा नियम होता.

"तिचा पाय कसा आहे?"

"कुणाचा?"

"तुला माहीत आहे कुणाचा. मला म्हणते मुरगळलाय. जानेवारीपासून मुरगळलेला आहे तो."

"खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन झालं. आता वॉकर घेऊन चालते. जिना चढता येत नाही."

"हे मला कुणी सांगितलं नाही."

"नाही," बर्नडेट म्हणाली.

"रात्री उठते का एकटी?"

"उठते. मी ऐकत असते."

 मग तो "बरं, मॅडम" म्हणाला आणि फोन ठेवला. बर्नडेटनं त्याच्या नावापुढे सापडला असं लिहिलं, जुना पत्ता खोडला, नवा घातला आणि मॅलरीला कळवलं. मॅलरीनं टाळ्या वाजवणाऱ्या हातांचं चित्र पाठवलं.

घरी आईनं विचारलं नाही, आणि बर्नडेटनं सांगितलं नाही. त्या आठवड्यात आई टीव्हीसमोर बसून असायची आणि टीव्हीवर काय चाललंय ते तिला सांगता आलं नसतं. जेवणावर टीका बंद झाली होती. त्याचंच बर्नडेटला जरा अवघड झालं.

रविवारी सकाळी बर्नडेट उठली, आंघोळ केली आणि घरातलेच कपडे घातले. असं का केलं, हे तिला सांगता आलं नसतं. तिनं कॉफी केली, आईला अंडं उकडून दिलं आणि स्वयंपाकघरात बसली. फोन तिथंच भिंतीवर होता.

"चर्चला उशीर होईल," आई म्हणाली.

"आज जात नाही."

"बरं नाही का?"

"बरी आहे."

"तू नसलीस तर वरचे सूर कोण घेणार? ती ओ'कॉनरची बाई तर मांजरासारखी ओरडते."

"ओरडू दे."

आईनं अंड्याचं टरफल काढायला घेतलं. ते नीट निघेना. दोघी आपापल्या कपाकडे बघत बसल्या. दहा वाजून गेले आणि फोन वाजला.

आई जागची हलली नाही. वॉकर तिच्या हाताशी होता. आईनं फोनकडे बघितलं, मग लेकीकडे. बर्नडेटनं त्या चेहऱ्यावर कधी भीती बघितली नव्हती, त्यामुळे ती भीती आहे हे कळायला तिला जरा वेळ लागला. उत्तर काय द्यायचं ते आईला ठाऊक नव्हतं. पलीकडे काय सांगितलं गेलंय, हेच तिला ठाऊक नव्हतं.

"मी काही बोलले नाही, मा," बर्नडेट म्हणाली.

फोन वाजत राहिला. आईच्या हातात टरफलाचे तुकडे होते.

"तू बोलली असतीस तरी चाललं असतं," आई म्हणाली. पण हात वॉकरकडे गेला होता.

बर्नडेटनं खुंटीवरचा कोट काढला, गाडीची किल्ली घेतली. "दूध संपलंय," ती म्हणाली, "घेऊन येते." फ्रीजमध्ये कालचाच कॅन होता, आणि तो आईनंच आत ठेवायला सांगितला होता.

ती पायऱ्या उतरेपर्यंत घंटी थांबली. मग पुन्हा सुरू झाली. त्यानं परत लावला होता. गाडीच्या दारापाशी ती थांबली आणि मधेच, अर्ध्यावर, आवाज बंद झाला. आई पोचली होती. बर्नडेट गाडीत बसली.

दुकानात गर्दी नव्हती. तिनं दूध घेतलं, पाव घेतला, मग उगाच सगळ्या कपाटांवरून एक फेरी मारली, साबणांच्या किमती वाचल्या. आईची एक जुनी मैत्रीण भेटली. आज चर्च नाही का, म्हणाली. नाही, बर्नडेट म्हणाली. त्या बाईनं घड्याळ बघितलं आणि काही विचारलं नाही. तिलाही माहीत होतं बहुधा. परतताना बर्नडेट लांबच्या रस्त्यानं आली.

आई टेबलाशीच होती. अंडं खाऊन झालं होतं, टरफलं बशीत गोळा केलेली होती. डोळे लाल होते का, ते उजेडामुळे नीट दिसलं नाही.

"कॅझ विचारत होता," आई म्हणाली. एवढ्या वर्षांत त्या घरात त्याचा निरोप पहिल्यांदाच मोठ्यानं सांगितला जात होता. "नवा चेक कधी येतो म्हणून."

बर्नडेटनं फ्रीज उघडला. कालचा कॅन आत सरकवून नव्याला पुढे जागा केली.

"पंधरा तारखेला," ती म्हणाली.